घरगुती सौरऊर्जेचं प्राथमिक प्रशिक्षण: अर्जापासून प्रमाणपत्रापर्यंत

२०२४ च्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत सोलर बसवणाऱ्या एका कंपनीचा माणूस घरोघरी फिरत होता. प्रत्येकाला तो तीन किलोवॅटच सुचवत होता, कारण प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला सर्वाधिक म्हणजे ७८,००० रुपये अनुदान मिळतं. अनुदानाचा आकडा बरोबर होता. पण आमचं महिन्याचं बिल दीडशे युनिटच्या आसपास. आम्हाला तीन किलोवॅट कशाला हवं, असं मी विचारलं तर "ताई, जास्त असलेलं बरं" एवढंच उत्तर मिळालं. मी पतसंस्थेत हिशेब पाहते. कर्जाच्या फाईलवर "जास्त असलेलं बरं" असं लिहून आलं तर आम्ही ती परत पाठवतो. इथे मात्र पुढचा प्रश्न काय विचारायचा हेच मला कळत नव्हतं, आणि ते मनाला फार लागलं.

पुण्यातल्या एका संस्थेत घरगुती अपारंपरिक ऊर्जेचं प्राथमिक प्रशिक्षण शनिवार-रविवारी असतं, असं भाच्याकडून कळलं. छतावरचं सोलर, पाणी तापवायचं सोलर, बायोगॅस, छोटी पवनचक्की, शिवाय घरातली वीजबचत असा अभ्यासक्रम. पात्रता दहावी पास. फी ४,५०० रुपये, त्यात मराठीतल्या नोट्स आणि दुपारचा चहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मी ऑनलाइन अर्ज भरला.

कागदपत्रं आधार, दहावीची गुणपत्रिका, दोन फोटो आणि घराचं अलीकडचं वीजबिल एवढीच होती. तरी अर्ज अडकला. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. लग्न झालेल्या बायकांना हे नवीन नाही. विवाह नोंदणीच्या दाखल्याची स्वतः सही केलेली प्रत अपलोड केल्यावर अर्ज पुढे सरकला. तुमचंही असंच असेल तर ही प्रत पहिल्याच दिवशी जोडून टाका, म्हणजे आठवडा वाचेल.

बॅच नोव्हेंबरात सुरू व्हायची होती. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, संस्थेचे दोघं प्रशिक्षक निवडणुकीच्या कामावर गेले आणि बॅच पुढे ढकलली. डिसेंबरात पुरेशी मुलं मिळेनात. शेवटी शनिवार, ११ जानेवारी २०२५ ही तारीख आली. या मधल्या काळात माझा उत्साह बराच ओसरला होता. विज्ञान दहावीनंतर सुटलेलं, वय शेहेचाळीस, वर्गात सगळी आयटीआयची पोरं असणार, असं रोज मनात येई. फी भरलेली होती म्हणून गेले, हेच खरं.

साताऱ्याहून पहाटेची एसटी पकडली की नवापर्यंत स्वारगेटला पोचता येतं. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे प्रवासाचा खर्च फारसा जाणवला नाही. वर्गात खरोखरच बरीचशी पोरं वायरमन आणि इलेक्ट्रिशियन होती. दोन निवृत्त शिक्षक, बारामतीकडचे एक शेतकरी दादा, आणि माझ्याशिवाय दोघी बायका. तासाभरात भीती कमी झाली, कारण पहिल्या दिवशी पॅनेलचं नावही निघालं नाही. सरांनी प्रत्येकाला स्वतःचं वीजबिल बाकावर काढायला लावलं.

त्या दिवशी शिकलेलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

महावितरणच्या बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक, मंजूर भार आणि मागच्या महिन्यांच्या वापराचे आकडे असतात. खाली स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशा ओळी. इतकी वर्षं मी फक्त शेवटची रक्कम पाहत आले. सरांनी फळ्यावर टप्पे मांडले: पहिली १०० युनिट, मग १०१ ते ३००, त्यापुढे ५०० पर्यंत, आणि त्यावर. दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार त्या वेळी पहिल्याच्या दुपटीहून जास्त होता. म्हणजे दीडशे युनिट जाळणाऱ्या घराची वरची पन्नास युनिटच बिलाचा मोठा भाग खातात, आणि आपण वाचवतो तेव्हा आधी तीच महागडी युनिट वाचतात.

मग लोड शीट. घरातलं प्रत्येक उपकरण, त्याचे वॅट, रोजचे तास. वॅट गुणिले तास भागिले हजार, म्हणजे युनिट. सोपा गुणाकार आहे, पण तास खरे लिहायला हवेत. पुढच्या शनिवारपर्यंत घरून भरून आणायची होती. मी हजारेक रुपयांचा प्लगमध्ये लावायचा मीटर मागवला आणि फ्रिजचं पूर्ण दिवसाचं मोजमाप घेतलं. फ्रिजवरच्या वॅटच्या आकड्यावरून हिशेब चुकतो, कारण कॉम्प्रेसर सतत चालत नाही. आमच्याकडे त्याचा वापर दिवसाला एका युनिटच्या आत निघाला. खरा खादाड होता गिझर. दोन किलोवॅटचा, सकाळी सगळ्यांच्या आंघोळी होईपर्यंत तासभर चालणारा, म्हणजे हिवाळ्यात महिन्याला साठ युनिट. उन्हाळ्यात गिझर बंद होतो, पण पंखे ती जागा घेतात. जुना पंखा ७५ वॅटचा. चार पंखे आठ-आठ तास फिरले की रोजची २.४ युनिट.

बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा तेवढ्याच वाऱ्याला ३० वॅटच्या आसपास घेतो, हे मला जाहिरातींमुळे माहीत होतं. पण शीटवर लिहून पाहिल्यावर कळलं की चार पंखे बदलले तर दिवसाला जवळपास दीड युनिट वाचतं. एक किलोवॅट सोलर आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देतं. म्हणजे पंखे बदलणं हे उन्हाळ्यापुरतं तरी एक तृतीयांश किलोवॅट पॅनेल बसवल्यासारखं झालं, तेही छतावर जागा न अडवता. त्या माणसाच्या तीन किलोवॅटचं उत्तर मला तिथेच मिळायला लागलं.

दुसऱ्या आठवड्यात पॅनेल आले. नोट्समधली व्याख्या अशी की पॅनेलवर लिहिलेले वॅट हे प्रयोगशाळेतल्या ठरावीक परिस्थितीतले असतात: चौरस मीटरवर १००० वॅट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश. आपल्या छतावर एप्रिलच्या दुपारी सेल साठ अंशांच्या पुढे जातो. दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के शक्ती कमी होते, म्हणजे भर उन्हात बारा-चौदा टक्क्यांची घट. पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. म्हणून पॅनेल आणि स्लॅब यांच्यात हवा खेळायला जागा सोडायची.

मग आम्हाला गच्चीवर नेलं. तिथे ३६ सेलचं एक जुनं छोटं पॅनेल, त्याला जोडलेला डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवरचा) पंप आणि खाली पाण्याची बादली. अकराचं ऊन, पाण्याची धार जोरात. मॅडमनी पुठ्ठ्याचा एका सेलएवढा तुकडा कापून आणला होता. तो एका सेलवर ठेवला. छत्तीसातला एक झाकला, तर धार थोडी कमी होईल असं सगळ्यांना वाटलं. ती पार मंदावली, नळी तोंडाशी नुसती ठिबकत राहिली. पुठ्ठा उचलला की पुन्हा जोरात. आम्ही आळीपाळीने तो पुठ्ठा ठेवून बघत होतो, मोठी माणसं, पण कुणाला तिथून हलवेना.

कारण असं: सेल एकामागे एक, सिरीजमध्ये जोडलेले असतात, आणि सगळ्यांतून एकच करंट वाहतो. एक सेल अडला की त्याच्या मागचेपुढचे अडतात. यासाठी पॅनेलमध्ये बायपास डायोड असतात, ते अडलेल्या भागाला वळसा घालून करंट पुढे नेतात. पण वळसा घातलेला तो सगळा भाग तेवढ्या वेळापुरता वाया जातो. घरच्या छतावर हा पुठ्ठा म्हणजे पाण्याच्या टाकीची, डिशची, जिन्याच्या खोलीची सावली.

इथे एक गोष्ट जरूर करा. सोलर बसवायचा विचार असेल तर डिसेंबर-जानेवारीत गच्चीवर खडू घेऊन जा. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता टाकीच्या आणि कठड्याच्या सावलीची कड आखा. २२ डिसेंबरच्या सुमारास साताऱ्यात भर दुपारीही सूर्य ४९ अंशांपर्यंतच चढतो, म्हणून सावल्या वर्षातल्या सगळ्यात लांब पडतात. मे महिन्यात तर ऐन दुपारी सावली जवळजवळ नाहीशी होते, तेव्हा पाहणी केली तर सगळं छत मोकळं दिसतं. मी जानेवारीत आखलं. दक्षिणेकडची जागा मला पूर्ण मोकळी वाटत होती, तिथे जिन्याच्या खोलीची सावली साडेतीनपासूनच चढायला लागली. उरलेली जागा मोजली तर दोन किलोवॅटपुरती निघाली. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट धरतात.

सुरक्षिततेचा दिवस मला सगळ्यात जड गेला. सरांनी एक जळालेला कनेक्टर हातोहात फिरवला, काळा पडलेला, एका बाजूने वितळून वाकलेला. घरातली एसी (दिशा बदलत राहणारी) वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जाते, म्हणून ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीला ती संधी नाही. करंट चालू असताना जोड ओढला तर आर्क, म्हणजे न विझणारी ठिणगी, पेटून राहू शकतो. आणि पॅनेलला बटण नसतं. ऊन आहे तोवर त्यात विजेचा दाब (व्होल्टेज) आहे. सहा मोठी पॅनेल सिरीजमध्ये जोडली की तीनशे व्होल्टच्या आसपास जातं. म्हणून आधी इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज एसी करणारं यंत्र) बंद, मग डीसी आयसोलेटर (डीसी बाजू तोडणारा स्विच), मग मोजून खात्री, आणि त्यानंतरच हात. एमसी४ कनेक्टर (पॅनेलच्या तारा जोडणारा) क्रिंप करायला, म्हणजे पकडीने दाबून तारेवर घट्ट बसवायला, आम्हाला तारेचे तुकडे आणि पक्कड दिली, तेव्हा माझे हात थरथरत होते. शेजारच्या वायरमन मुलाने "काकू, वायर सोलताना तांब्याची एकही तार तुटू देऊ नका, बाकी जमतंय" असं सांगून निम्मं ओझं उतरवलं. बायकांनी हा भाग टाळू नये असं मला मनापासून वाटतं. घराची गच्ची आपणच झाडतो, टाकी आपणच बघतो. तिथे काय धोक्याचं आहे हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट कळली आणि वर्गात बरीच चुळबुळ झाली. बॅटरीशिवायचं, ग्रिडला (वीजकंपनीच्या जाळ्याला) जोडलेलं सोलर हे वीज गेली की बंद पडतं, लख्ख ऊन असलं तरी. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या छतावरून उलटा दाब जाऊ नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. शेतकरी दादा लोडशेडिंगवर उपाय म्हणूनच आले होते. त्यांना बॅटरीचा किंवा हायब्रीड (ग्रिड आणि बॅटरी दोन्हीवर चालणाऱ्या) इन्व्हर्टरचा वेगळा हिशेब मांडावा लागला. विकत घेण्याआधी हे विचारा, कारण विकणारे बहुधा आपणहून सांगत नाहीत.

पाणी तापवायच्या सोलरचा भाग छोटा होता, पण मला सर्वांत लवकर उपयोगी पडला. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ५५ पर्यंत न्यायचं तर ३,५०० किलोकॅलरी लागतात. एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी. भागाकार केला की चारच्या थोडं वर. तेवढी युनिट सूर्य गिझरशिवाय भरून देतो, आणि १०० लिटर तीन-चार माणसांना पुरतं. पाणी क्षारयुक्त असेल तर तांब्याच्या नळ्यांचं सपाट कलेक्टर चोंदत जातं, तिथे काचेच्या नळ्यांचं बरं टिकतं. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यामुळे निर्णय सोपा झाला. ज्यांच्या छतावर जागा नाही त्यांच्यासाठी हीट पंपची माहिती दिली: हवेतली उष्णता ओढून घेतो, एका युनिट विजेत साधारण तीन युनिटची उष्णता देतो. किंमत मात्र जास्त.

बायोगॅसला एकच सत्र होतं. शेणावरच्या दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पंचेचाळीस-पन्नास किलो शेण लागतं, म्हणजे गोठा असेल तरच. पुण्याच्या आरती (ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) या संस्थेने डॉ. आनंद कर्व्यांच्या मार्गदर्शनाखाली खरकट्यावर आणि पिठूळ पदार्थांवर चालणारं छोटं संयंत्र विकसित केलं आणि त्याला २००६ मध्ये शाश्वत ऊर्जेसाठीचा ब्रिटनमधला अॅशडेन पुरस्कार मिळाला, हे तिथे कळलं. आमच्या घरात तेवढं खरकटं निघत नाही, म्हणून मी पुढे गेले नाही.

पवनचक्कीबद्दल मी स्वतःच विचारलं. आमच्याकडे ठोसेघरच्या वर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत, मग घरावर एक छोटी का नको? उत्तर ऐकून समाधान झालं. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनात वाढते. वेग निम्मा झाला की शक्ती आठवा हिस्सा उरते. पठारावर वारा मोकळा आणि सलग येतो, वस्तीत तो घरांना, झाडांना अडखळत येतो. सरांचा सल्ला स्पष्ट होता: वर्षभर वारा मोजल्याशिवाय घरावर पवनचक्कीचा खर्च करू नका.

२६ जानेवारी रविवारी आल्यामुळे एक दिवस बुडाला. ९ फेब्रुवारीला परीक्षा झाली. लेखी मराठीतून, पर्यायी प्रश्नांची. प्रात्यक्षिकात एक क्रिंप, मल्टीमीटरने ओपन सर्किट व्होल्टेज (पॅनेलला काहीही न जोडता येणारा दाब) मोजणं आणि सिस्टीमच्या चित्रात तीन अर्थिंग ओळखणं: एक आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या अरेस्टरचं, एक डीसी बाजूचं, एक एसीचं. अभ्यासाला नोट्स आणि स्वतःची लोड शीट पुरते. एक मात्र सांगते, आकडे पाठ करत बसू नका. किलोवॅट आणि युनिट यांतला फरक पक्का असला की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

निकाल पंधरवड्यात लागला. प्रमाणपत्र एप्रिलमध्ये आलं आणि त्यावर माझ्या आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं होतं. दुरुस्तीसाठी मूळ प्रत पोस्टाने परत पाठवावी लागली, ती मेअखेरीस आली. अर्जात इंग्रजी नाव टाकताना आधारवरून अक्षरन् अक्षर जुळवा आणि प्रमाणपत्र छापण्याआधी नमुना पाहायला मागा. फी, मीटर, प्रवास, डबा सोडून बाहेरचा चहा-पाणी असं सगळं धरून माझा खर्च आठ हजारांच्या आत राहिला.

या प्रमाणपत्रावर वायरिंगची कामं घेता येत नाहीत, त्याला वायरमनचा सरकारी परवाना वेगळा लागतो. माझ्या शेजारचा मुलगा आता सूर्यमित्र प्रशिक्षणाची चौकशी करतोय. ते २०१५ पासून राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेमार्फत चालतं, ६०० तासांचं आहे आणि आयटीआय झालेल्यांना ते जास्त उपयोगी. ज्यांना फक्त स्वतःच्या घराचा निर्णय नीट घ्यायचा आहे त्यांना प्राथमिक पुरे.

आमच्या घरी आधी पंखे बदलले, मग काचेच्या नळ्यांचा सोलर हीटर बसवला. पावसाळी महिने वगळता गिझरचं बटण आता क्वचित दाबतो आणि वापर शंभर युनिटच्या आसपास आलाय. त्यावर सूर्यघरच्या पोर्टलवर एक किलोवॅटसाठी अर्ज केलाय. त्याला ३०,००० रुपये अनुदान आहे. दहा किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेचा (सोलर ग्रिडला जोडता येईल का याचा) वेगळा अभ्यास लागत नाही, त्यामुळे ती पायरी लगेच पार पडली. तीन किलोवॅट बसवलं असतं तर वर्षाला अडीच-तीन हजार युनिट जास्तीची झाली असती. नेट मीटरिंगमध्ये (ग्रिडला दिलेली वीज आपल्या बिलातून वजा होते) उरलेली युनिट पुढच्या महिन्यात वळती होतात, पण मार्चअखेर जी शिल्लक राहतात त्यांना आपण देतो त्यापेक्षा बराच कमी दर मिळतो.

सध्या पोर्टलवरच्या नोंदणीकृत विक्रेत्यांकडून दरपत्रकं मागवतेय. प्रत्येकाला तेच प्रश्न लेखी पाठवते: पॅनेल देशी सेलचं आहे ना, कारण अनुदानाला ते बंधनकारक आहे, स्ट्रक्चर हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून गंजरोधक केलेलं) आहे का आणि किती वाऱ्याला धरून काढलंय, अर्थिंग तिन्ही वेगळी देणार का, आणि माझ्या खडूच्या रेषांचा फोटो पाहून वर्षाचं उत्पादन किती धरलंय. दोघांनी उत्तरं पाठवली आहेत. एकाने सावलीचा हिशेब करून पॅनेल दोन फूट पुढे सरकवायला सांगितलं, त्याच्याशी पुढचं बोलणं चालू आहे.